ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये होम थिएटरसाठी यूपीएस घ्यावा की पॉवर कंडिशनर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला फ्लॅट, ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि सबवूफरला आवाज वाटून देणारा अँप्लिफायर), पॉवर्ड सबवूफर (खालच्या सुरांचा, स्वतःचा अँप्लिफायर असलेला स्पीकर), ५५ इंची टीव्ही आणि सिनेमासाठी लॅम्पवाला प्रोजेक्टर. पावसाळ्यात लाइट सारखी जाते-येते. दुकानदार म्हणतो, १ केव्हीएचा (१००० व्हीएचा) यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, आणि पॉवर कंडिशनर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारा डबा, दोन्ही घ्या.

माझं मत: कंडिशनर आत्ता नको. यूपीएस घ्या, पण सगळं त्याच्यावर टाकू नका. आणि या दोन्हींच्या आधी डीबीत (घरातल्या मेन स्विचच्या पेटीत) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार वाढलं किंवा घटलं की घराची वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या. दुकानदाराने तो सांगितलेला नाही, पण सर्वात जास्त नुकसान तोच वाचवतो.

कारण असं. सोसायटीच्या मीटर रूममध्ये थ्री फेज येतो आणि फ्लॅटना एकेक फेज वाटून दिलेला असतो. तिथला न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) सैल झाला किंवा तुटला, की ज्या घरात त्या वेळी लोड कमी, तिथे २३० च्या जागी ३००-३५० व्होल्ट, वाईट वेळ असेल तर ४०० च्या आसपास येतात. एमसीबी (जादा करंटवर पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंटच्या गळतीवर पडणारा स्विच) यावर ट्रिप होत नाहीत, कारण व्होल्टेज बघणं त्यांचं कामच नाही. स्पाइक गार्डचाही उपयोग नसतो. त्यातला एमओव्ही नावाचा छोटा भाग क्षणभराचा झटका पिण्यासाठी असतो. ३५० व्होल्ट मिनिटभर टिकले तर तो तापून जळतो आणि पाठोपाठ टीव्ही, रिसीव्हरचे पॉवर सप्लाय जातात. काही दिवे अचानक प्रखर, काही मंद, पंख्याचा वेग वाढलेला, असं दिसलं तर आधी मेन स्विच बंद करा, मग १९१२ वर तक्रार.

प्रोटेक्टर डिन रेलवर (डीबीतल्या धातूच्या पट्टीवर) बसणारा, डिजिटल डिस्प्लेचा घ्या. मेन एमसीबीच्या लगेच पुढे येईल असा, ४० किंवा ६३ अँपिअरचा, तुमच्या मेनला जुळेल तो. वरची मर्यादा २६५ व्होल्ट, खालची १८०, आणि लाइट परत आल्यावर जोडणी उशिरा करण्याचा टायमर १८० सेकंद. लाइट येते त्या पहिल्या काही सेकंदांत व्होल्टेज हेलकावे खातं. तेवढा वेळ उपकरणं बाहेर राहतात आणि एसीच्या कॉम्प्रेसरलाही विश्रांती मिळते. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

वायरमन आलेलाच असेल तर टीव्हीमागच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थमधले व्होल्ट जवळपास सारखे यायला हवेत. गीझर किंवा इस्त्री चालू ठेवून न्यूट्रल-अर्थ बघा: दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, पाचच्या वर गेलं तर सैल जोड किंवा आर्थिंग शोधायला लावा. आर्थिंग कच्चं असेल तर महागातला सर्ज प्रोटेक्टरही (क्षणभराचा झटका अडवणारा) पूर्ण काम करू शकत नाही.

आता यूपीएस. प्रोजेक्टरला तो खरंच हवा. लॅम्प विझल्यावर पंखा मिनिट-दोन मिनिटं चालून उष्णता बाहेर काढतो; मध्येच वीज गेली तर तापलेला लॅम्प तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. लेझर किंवा एलईडी प्रोजेक्टरला ही अडचण बरीच कमी. सिनेमे साठवलेली हार्ड डिस्क चालू असेल तर तीही यूपीएसवर घ्या, आणि राउटर. प्रोजेक्टर ३०० वॅट, बाकी मिळून ४०, त्यावर तीस टक्के राखीव, म्हणजे ४५० वॅटच्या आसपास. इथे फसगत व्हीए (यूपीएसवर छापलेली क्षमता) आणि वॅट (प्रत्यक्ष मिळणारी) यांच्या फरकात होते: ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. म्हणून १००० ते ११०० व्हीएचा, लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर बॅटरीविना सावरणारा), आणि शक्यतो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा). पायऱ्या-पायऱ्यांच्या वेव्हवर काही पॉवर सप्लाय गुणगुणतात, काही बंद पडतात. मिळणारा वेळ काही मिनिटांचा असतो, प्रोजेक्टर नीट बंद करायला तेवढा पुरतो.

रिसीव्हर आणि सबवूफर यूपीएसवर लावू नका. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा रिसीव्हर चालू करताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, त्यात लहान यूपीएस ओव्हरलोड होतो. सबवूफरही मोठ्या धडाक्याच्या प्रसंगाला तसंच करतो. लाइट अचानक गेल्याने या दोघांचं सहसा काही बिघडत नाही. लाइट गेली तरी सिनेमा पूर्ण बघायचाच असेल, तर उपाय घरच्या इन्व्हर्टरचा: साइन वेव्ह, स्विच यूपीएस मोडवर, १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) ट्युब्युलर बॅटरी नवी असताना ३०० वॅटला तीनेक तास देते.

कंडिशनर नको म्हणतो कारण बहुतेक कंडिशनर म्हणजे एक फिल्टर आणि एमओव्ही, व्होल्टेज ते वाढवत-घटवत नाहीत. टीव्हीचा सप्लाय तसाही १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि रिसीव्हरच्या आत स्वतःचे मोठे कपॅसिटर (विजेतले चढ-उतार सावरणारे भाग) असतात. चित्र उजळेल, आवाज खुलेल या आशेने पैसे घालू नका.

स्पीकरमधून सतत ‘हूं’ येत असेल तर तेही कंडिशनरने जाण्याची शक्यता कमी. ते बहुधा दोन ठिकाणच्या आर्थिंगमुळे येतं. सेट-टॉप बॉक्समधून केबलची गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर त्या वायरवर आयसोलेटर (त्या वायरमधून येणारं आर्थिंग तोडणारा छोटा भाग) लावा. थांबला नाही तर सबवूफरची आरसीए वायर (रिसीव्हरकडून आवाज आणणारी) काढून बघा आणि सगळी उपकरणं एकाच सर्किटवर आणा. थ्री पिनची अर्थ पिन मात्र कधीच कापू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

गडगडाट सुरू होण्याआधीच गच्चीवरच्या डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवा. वीज त्या वाटेनेही येते, आणि डीबीतल्या प्रोटेक्टरचं त्या मार्गावर लक्षच नसतं.

यूपीएस टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका. उष्णता दहा अंशांनी वाढली की बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. उघड्यावर ठेवूनही आपल्याकडे दोन-तीन वर्षंच धरा. दर तीन महिन्यांनी प्रोजेक्टर चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद करून बघा. प्लग उपसू नका, म्हणजे अर्थ जोडलेला राहतो. मग प्रोजेक्टर नेहमीसारखा बंद करा; त्याचा पंखा पूर्ण थांबण्याआधी यूपीएस मान टाकत असेल, तर बॅटरी बदला.