हवाई बेटांवरच्या दंतकथांची सूची ग्रंथपाल कशी बनवतात आणि ती टिकवतात कशी?

हवाईला मी कधी गेलो नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं जुन्या मासिकांची लेखसूची करत होतो आणि त्या नादात हवाईबद्दल बरंच वाचत गेलो. तेवढ्या भांडवलावर लिहितोय.

लोकांना वाटतं, कथांची नावं अकारविल्हे लावली की झाली सूची. पण कथेच्या नावाने शोधत येतो कोण? वाचकाला आठवत असतं ते भलतंच काहीतरी. काहाव्हालीची कथा घ्या. विल्यम एलिस या मिशनऱ्याने 1823च्या प्रवासात ती ऐकून लिहून ठेवली. हवाई बेटावरच्या पुना भागातला हा सरदार डोंगरउतारावर लाकडी घसरगाडीची शर्यत खेळत होता. एका अनोळखी बाईने गाडी मागितली, याने झिडकारलं. ती निघाली ज्वालामुखीची देवी पेले. मग लाव्हा मागे लागला, तेव्हा गडी बायकापोरांना तिथेच सोडून होडीतून निसटला. मात्र जाताजाता लाडक्या डुकराच्या नाकाला नाक लावून त्याचा निरोप घ्यायला विसरला नाही! आता या एका कथेच्या नोंदी किती? काहाव्हाली, पेले, पुना, घसरगाडी, लाव्हा, होडीतून पलायन, आणि हो, डुक्करही. कुणीतरी ‘ती डुकराच्या निरोपाची गोष्ट’ म्हणूनच विचारत येणार.

त्यात पात्रं रूपं बदलतात. पेले कधी तरुणी, कधी म्हातारी. कामापुआआ हा वराहदेव, पण तो मासाही होतो. म्हणून एक नाव मुख्य ठरवायचं आणि बाकीच्या नावांखाली ‘अमुक पाहा’ असं लिहून तिकडे पाठवायचं. माझ्या मते सूचीचा जीव या ‘पाहा’त असतो. स्तोत्रांना तर नावच नसतं. होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये त्यांची सूची पहिल्या ओळीवरून केलेली आहे. गाथ्याच्या शेवटी अभंग शोधतो तसंच.

खरी गंमत स्पेलिंगची. मिशनरी 1820 मध्ये आले आणि त्यांनी बारा रोमन अक्षरांत भाषा बसवली. दीर्घ स्वर आणि घशात अडवून सोडायचा आवाज मात्र लिहायचे राहिले. त्यामुळे जुन्या छपाईत ‘पाउ’ दिसलं तर त्याचा अर्थ ‘संपलं’ असेल, काजळी असेल, ओलसर असेल, नाहीतर बायकांचा घागरा. आपल्याकडे दिन आणि दीन एकच छापलं तर जे होईल, ते. म्हणून मूळ छपाईतलं रूप आहे तसं ठेवायचं आणि शेजारी आजचं चिन्हांसहित रूप द्यायचं. कुठलंही टाईप केलं तरी नोंद सापडली पाहिजे.

आणि हे सगळं साहित्य आहे कुठे? वर्तमानपत्रांत. 1834 ते 1948 या काळात हवाईयन भाषेत शंभरच्या आसपास पत्रं निघाली, सुमारे सव्वा लाख पानं. पेले आणि तिची बहीण हिइआका यांची कथा 1861-62 मध्ये एका पत्रात क्रमशः आली, 1905-06 मध्ये दुसऱ्यात वेगळ्या तपशिलांनी आली, 1915 मध्ये इंग्रजी पुस्तक निघालं. तिन्हींची नोंद स्वतंत्र हवी, मथळा एकच. ‘खरी कथा कुठली’ हे ठरवणं ग्रंथपालाचं काम नव्हे. तिकडे ‘मोओलेलो’ या शब्दात कथा आणि इतिहास दोन्ही येतात. आपण मात्र ड्युईच्या ग्रंथवर्गीकरणातला 398.2 हा क्रमांक लावून लोककथांच्या कपाटात टाकून मोकळे होतो. ते मला पटत नाही.

1896च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं आणि पुढच्या पिढ्यांना आजोबांचं वर्तमानपत्रच वाचता येईना. वाचकच नसलेला कागद कपाटात पिवळा पडत गेला. मग मायक्रोफिल्म आली, म्हणजे पानांचे बारीक फोटो फिल्मवर. जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मचा डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. तो आला की समजायचं, फिल्म सडायला लागली. आता पॉलिएस्टर फिल्म थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. मूळ प्रतीला कुणी हात लावत नाही, वाचकाला वेगळी प्रत. पुढे पानं स्कॅन झाली, पण पुसट छपाई संगणकाला धड वाचता येईना. शेवटी 2011-12 मध्ये हजारो स्वयंसेवकांनी ती हाताने टाईप करायला घेतली. आज ‘उलुकाऊ’ या हवाईयन डिजिटल ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या चाळता येतात.

तरी सूचीतल्या नोंदीत पत्राचं नाव, तारीख, पान हवंच. वेबसाईटचे पत्ते बदलतात, तारीख बदलत नाही.

आमच्याकडे कार्डं संगणकावर चढवायला एक एजन्सी आली होती. त्यांच्या पोरांनी ‘पाहा’ची सगळी कार्डं डुप्लिकेट समजून रद्दीत टाकली. कळलं तेव्हा मी गोदामात धावलो. दीड खोका हाती लागला, बाकीची पुन्हा हाताने लिहिली.