लग्न खरे, पण मुक्काम वेगळे : अमेरिकी व्हिसाबाबत प्रश्नोत्तरे

पती-पत्नी वेगवेगळ्या गावी किंवा देशांत राहत असताना विवाह खरा असल्याचे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याला कसे पटवून द्यावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल किंवा मुदतीपेक्षा जास्त मुक्काम झाला असेल, तर वकिलाचाच सल्ला घ्यावा.

प्रश्न : गेल्या डिसेंबरात साताऱ्याला आमचे ठरवून लग्न झाले. पती अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सीत नोकरी करतात. लग्नानंतर आम्ही जेमतेम तीन आठवडे एकत्र होतो. दोघांच्या नावे ना बँक खाते, ना घर. आय-१३० अर्जासोबत (म्हणजे पत्नीला अमेरिकेत नेण्यासाठी पतीने करायच्या अर्जासोबत) काय जोडावे?

उत्तर : एकत्र मालकीची मालमत्ता, दोघांच्या नावे भाडेकरार, सामाईक आर्थिक व्यवहार, अपत्यांचे जन्मदाखले, परिचितांची प्रतिज्ञापत्रे ही नियमांतली यादी वाचून तुमच्यासारख्या जोडप्यांच्या पोटात गोळा येतो. त्याच यादीच्या अखेरीस मात्र संबंध खरा असल्याचे दाखवणारी इतर कोणतीही कागदपत्रे चालतील असे म्हटले आहे, आणि परदेशी असलेल्या जोडीदाराचे प्रकरण बहुधा त्याच वाक्यावर उभे राहते. लग्नाच्या वेळी दोघांना खरोखर संसार करायचा होता का, एवढेच अधिकाऱ्याला ठरवायचे असते. व्हिसा हाती येईपर्यंत तुम्ही वेगळे राहणार हे त्यालाही ठाऊक आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा : अर्ज आधी अमेरिकेतला अधिकारी तपासतो आणि मुलाखत पुढे मुंबईच्या वकिलातीत होते. मुंबईतल्या अधिकाऱ्यांना कांदेपोहे आणि महिन्याभरात उरकलेली लग्ने नवी नाहीत. अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला ती असू शकतात. म्हणून स्थळ कोणी सुचवले, पहिली भेट कधी झाली, साखरपुडा कुठे झाला आणि पती किती दिवसांची रजा काढून आले होते, हे एका पानात साधेपणाने लिहून जोडा. मराठी लग्नपत्रिकेचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्रही लागेल.

छायाचित्रांच्या बाबतीत लोक हमखास चुकतात. एकाच मांडवातले शंभर फोटो एकच दिवस सिद्ध करतात. त्याऐवजी केळवण, लग्न, सत्यनारायण, पतीला विमानतळावर निरोप देताना आलेली दोन्हीकडची मंडळी आणि पहिल्या संक्रांतीला सासरी हलव्याचे दागिने घालून बसलेल्या तुम्ही, असे वेगवेगळ्या दिवसांचे पंधरा-वीस फोटो तारीख, ठिकाण आणि नावांसह द्यावेत. पती अमेरिकेला परतल्यावरही सासरी तुमचे सण होत आहेत, हे त्या संक्रांतीच्या फोटोतून न सांगता कळते.

संभाषणाचेही तसेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपची सगळी बाडे छापू नयेत; दर महिन्यातील दोन-तीन पाने निवडावीत. न्यू जर्सीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तुमच्या सकाळी साडेसातला, म्हणजे त्यांच्या रात्री नऊला, रोज लागणारा फोन कॉलच्या नोंदींत दिसला, तर त्यातून दोघांचा दिनक्रमच समोर येतो. निवडताना प्रेमाच्या संदेशांपेक्षा गॅसचे बुकिंग, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, विम्याचा हप्ता असे घरगुती विषय घ्यावेत, कारण असले बोलणे कोणी मुद्दाम रचत नाही. पतीने खर्चासाठी पाठवलेले पैसे, आयुर्विम्यात आणि भविष्यनिर्वाह निधीत लग्नानंतर बदललेले नॉमिनी यांच्याही नोंदी जोडाव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेच्या आयकर नियमांनुसार ३१ डिसेंबरला विवाहित असलेली व्यक्ती त्या संपूर्ण वर्षासाठी विवाहित धरली जाते. लग्न डिसेंबरात झाले असूनही पतीने सवयीने त्या वर्षाचे विवरणपत्र ‘अविवाहित’ म्हणून भरले असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. प्रायोजक म्हणून त्यांना आर्थिक हमीपत्रासोबत करविवरण द्यावेच लागते. तिथे एक शब्द उलटा पडला, तर बाकीच्या पुराव्यांकडे संशयाने पाहिले जाते.

प्रश्न : व्हिसाचे काम लवकर सुरू व्हावे म्हणून आम्ही जूनमध्ये ठाण्यात विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह केला. विधिवत लग्न जानेवारीत आहे आणि तोवर मी माहेरीच आहे. यावरून संशय येईल का?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने आपण जूनपासूनच विवाहित आहात, आणि प्रत्येक अर्जात तीच तारीख लिहिली पाहिजे. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते, म्हणजे पुढे अर्ज करून अट काढून घ्यावी लागणारा वास्तव्याचा परवाना. लग्नाची ही दोन वर्षेही नोंदणीच्या तारखेपासूनच मोजली जातात.

आधी रजिस्टर लग्न आणि मग सावकाश समारंभ, ही अनिवासी मराठी कुटुंबांत रुळलेली पद्धत आहे. पण जूनचे प्रमाणपत्र, जानेवारीची पत्रिका आणि मधले सहा महिने माहेरचा पत्ता, हे तिन्ही कागद खुलाशाशिवाय एकत्र आले की ते कोड्यासारखे दिसतात. विधी होईपर्यंत मुलीने सासरी नांदायला न जाण्याची रीत दोन-चार वाक्यांत सांगून, कार्यालयाच्या आगाऊ रकमेची पावती आणि दागिन्यांची बिले जोडावीत. जूननंतर पर्यटक व्हिसाच्या किंवा अन्य कोणत्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिले असल्यास मात्र प्रकरण गंभीर होते आणि ते वकिलाला आधीच सांगावे.

याच अनुषंगाने : वर एका देशात आणि वधू दुसऱ्या देशात असताना पडद्यावर लागलेले लग्न, त्यानंतर प्रत्यक्ष पती-पत्नी म्हणून संबंध आले नसतील, तर अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात विवाह म्हणून धरले जात नाही.

प्रश्न : एजंट म्हणतो, पुण्याच्या फ्लॅटचा दोघांच्या नावे मागील तारखेचा भाडेकरार करून देतो. घ्यावा का?

उत्तर : मुळीच घेऊ नये. तुमचे लग्न खरे आहे, करार तेवढा खोटा असेल. निर्णयावर परिणाम करू शकेल अशी खोटी माहिती दिल्याचे आढळले, तर अमेरिकेतील प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. मग सूट मागण्याचा खर्चिक आणि अनिश्चित मार्ग तेवढा उरतो. असा एजंटही बदलावा.

प्रश्न : माझ्या सशर्त ग्रीन कार्डची मुदत संपत आली आहे. माझी नोकरी सिएटलला आणि पतीची डॅलसला आहे. ग्रीन कार्डवरील अट काढण्याच्या आय-७५१ अर्जात पतीचाच पत्ता द्यावा असे मैत्रिणी सुचवतात.

उत्तर : मैत्रिणींचा सल्ला चुकीचा आहे. जिथे राहता तोच पत्ता द्या. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत तो खात्याला कळवणे बंधनकारक असल्याने तुमचा सिएटलचा पत्ता त्यांच्याकडे बहुधा आहेच.

सशर्त ग्रीन कार्डाची पद्धत १९८६ च्या कायद्याने आली आणि तिचा रोख बनावट लग्नांवर आहे. दोन शहरांतल्या नोकऱ्या हा तिचा विषय नाही. त्याआधीच, १९७५ साली, बार्क खटल्यात अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने म्हटले होते की जोडपे वेगळे राहू लागले एवढ्यावरून लग्न मुळात खोटे होते असा निष्कर्ष काढता येत नाही. लग्नाच्या वेळचा हेतू पाहावा लागतो.

मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांच्या सहीने अर्ज करा. नोकरीचे नियुक्तिपत्र, डॅलसकडे बदली मागितली असल्यास तो पत्रव्यवहार, परस्परांकडे केलेल्या विमानप्रवासाची तिकिटे, एकत्र भरलेले करविवरण, सामाईक आरोग्यविमा आणि दोन घरांचे भाडे कोणत्या खात्यातून जाते ते दाखवणारी बँकेची पत्रके पुरेशी बोलकी ठरतात.

प्रश्न : मीही सशर्त ग्रीन कार्डधारक आहे. पतीने मला घराबाहेर काढले असून ते आता सही करण्यास नकार देतात. मला परत जावे लागेल का?

उत्तर : तेवढ्या कारणाने नाही. विवाह प्रामाणिक हेतूने झाला होता हे दाखवता आले, तर घटस्फोटानंतर, किंवा पतीकडून मारहाण वा अतिशय क्रूर वागणूक झाली असल्यास घटस्फोटाची वाट न पाहताही, एकटीने अर्ज करता येतो. अशा अर्जाला ९० दिवसांची मर्यादाही लागू नाही. पोलिसांकडील नोंद, डॉक्टरांचे कागद, त्या काळात आईला किंवा बहिणीला पाठवलेले संदेश, सारे जपून ठेवा.

आणि एक काम आजच करावे. संयुक्त खात्याची जुनी पत्रके, भाडेकरार, विम्याची कागदपत्रे आणि करविवरणे स्वतःच्या ईमेलवर उतरवून घ्यावीत, कारण पासवर्ड बदलला गेला की हेच कागद वकिलामार्फत मागवण्यात महिने जातात.