घरच्या व्हिडिओतला नको असलेला भाग दर्जा न घालवता कसा कापावा?

तुम्ही विचारलंय की घरच्या रेकॉर्डिंगमधले नको असलेले तुकडे काढायचे आहेत, चित्राचा दर्जा मात्र घसरायला नको. शिवाय एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये कापून पाहिलं, तर कट सांगितलेल्या जागेच्या सेकंदभर आधीच पडला. ही तुमची चूक नाही आणि सॉफ्टवेअरचीही नाही. व्हिडिओ फाइल आतून बांधलेलीच तशी असते.

कॅमेरा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. तो एक पूर्ण चित्र साठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात. त्यापुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. मधल्या एखाद्या फ्रेमपासून फाइल सुरू केली, तर 'बदललं कशाच्या तुलनेत' हे सांगणारं चित्रच मागे राहतं. म्हणून फाइल पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने दाबून न साठवता, कापायची असेल, तर तुकड्याची सुरुवात कीफ्रेमवरच व्हावी लागते. तुमचं सॉफ्टवेअर मागे सरकून जवळची कीफ्रेम धरत होतं. फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये अशी फ्रेम बहुधा सेकंदाभरात सापडते. पण एकदा संगणकावर एन्कोड केलेल्या फाइलमध्ये अंतर बरंच वाढू शकतं. एक्स२६४ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरमध्ये दोन कीफ्रेममधल्या अंतराची मूळ मर्यादा २५० फ्रेमची आहे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर तब्बल १० सेकंद. जुन्या कॅमकॉर्डरच्या मिनीडीव्ही टेपवरून उतरवलेल्या फाइल मात्र याला अपवाद आहेत. तासाला साधारण १३ जीबी जागा खातात, पण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे हवं तिथे कापा.

म्हणून मी कामाचे दोन भाग करतो.

नुसतं छाटायचं असेल, म्हणजे कॅमेरा चालूच राहून दहा मिनिटं जमीन दिसतेय, असं काही काढायचं असेल, तर लॉसलेसकट हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, आतून एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारं साधनच चालतं, आणि पुन्हा एन्कोड होत नसल्यामुळे दर्जा तसूभरही कमी होत नाही. मोठी फाइलसुद्धा कॉपी व्हायला लागेल तेवढ्याच वेळात होते. 'आय' दाबून सुरुवात आणि 'ओ' दाबून शेवट ठरवायचा. एक लक्षात ठेवा, तुम्ही निवडलेला भाग ते मुळात *ठेवतं*. काढायचा असेल तर निवड उलटी करावी लागते. सुरुवात नेहमी जरा सैल जागी धरा, कुणी बोलायला लागण्याच्या एकदोन सेकंद आधी. मग कट मागे सरकला तरी बिघडत नाही.

वाक्याच्या मधला खोकला काढायचा, दोन प्रसंग जोडायचे, असं बारीक काम असेल तर शॉटकटसारखा टाइमलाइनवाला एडिटर घ्या, म्हणजे क्लिप एका पट्टीवर ओळीने मांडता येतात असा. तिथे 'एस' दाबलं की क्लिपचे दोन भाग होतात. 'एक्स' दाबलं की निवडलेला तुकडा जातो आणि पुढचं सगळं मागे सरकून जागा भरतं. 'झेड' दाबलं तर तुकडा जातो पण पोकळी राहते. फोनचा व्हिडिओ उघडताना तो संपादनाला सोयीच्या स्वरूपात बदलायचा का असं विचारतो, तेव्हा हो म्हणा. फोन सेकंदाला ठरावीक फ्रेम घेतोच असं नाही, आणि त्यामुळे लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज एकमेकांपासून सुटू शकतात. इथे एक्सपोर्ट म्हणजे पुन्हा एन्कोडिंग आलंच, पण ते एकदाच होऊ द्या. एक्सपोर्ट केलेली फाइल पुन्हा उघडून कापत बसलात, तर दर फेरीला चित्र थोडं थोडं मातकट होत जातं. बदल करायचा तर साठवलेला प्रोजेक्ट उघडा.

आता कट कुठे घ्यावा. घरच्या व्हिडिओत कट डोळ्याला कमी आणि कानाला जास्त खुपतो. चित्र बदललेलं माणूस लगेच स्वीकारतं, पण मागे पंखा चालू असेल आणि तो आवाज एकदम तुटला, तर काहीतरी कापलंय हे न पाहताही कळतं. म्हणून मी आधी डोळे मिटून ऐकतो. शब्दाच्या शेपटीवर कधी कापत नाही, हसू पूर्ण विरू देतो. दोन्ही क्लिप अर्धा सेकंद एकमेकांवर सरकवल्या की आवाज एकातून दुसऱ्यात मिसळतो आणि जोड लपतो.

आणि 'नको असलेला भाग' ठरवताना घाई करू नका. पुतणी सायकल शिकत होती तेव्हाचा १४ मिनिटांचा व्हिडिओ मी ३ मिनिटांवर आणला, तिचं पडणं सगळं काढून टाकलं. पाहिला तर एक मुलगी सायकल चालवतेय, बस्स. तिचा तो आनंद कुठून आला हेच कळेना. दोन वेळा पडणं परत जोडलं, एकदा ती रडवेली होऊन सायकल ढकलून देते तेही, तेव्हा कुठे शेवटचा तो आरडाओरडा पोचला. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर होती म्हणून हे जमलं. तुमचीही तशीच ठेवा, एडिट कितीही मनासारखं झालं तरी.

एक महत्त्वाचं राहिलं. काढायचा भाग खासगी असेल आणि व्हिडिओ बाहेर कुणाला द्यायचा असेल, तर एन्कोड न करता कापण्यावर विसंबू नका. एमपी४ फाइलमध्ये कीफ्रेमपासून कटपर्यंतच्या फ्रेम कधी कधी आतच राहतात, फक्त 'इथपासून दाखव' अशी खूण असते, आणि दुसऱ्या प्लेअरमध्ये त्या दिसू शकतात. असा व्हिडिओ शॉटकटमधून नव्याने एक्सपोर्ट करा आणि देण्याआधी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः पाहा.