गॅलरीतली बाग : ‘ब्लॅक वेल्व्हेट’ची पानं पिवळी का पडतात?

यंदा पावसाळ्यात आलेल्या पत्रांत एकाच झाडाची विचारणा सर्वांत जास्त आहे : अलोकेशिया रेजिनुला, बाजारातलं नाव ‘ब्लॅक वेल्व्हेट’. मूळचं बोर्निओ बेटावरचं, चुनखडीच्या खडकांत वाढणारं, अळूच्या कुळातलं. पानं जाड, काळपट हिरवी आणि मखमली, शिरा चंदेरी, पानाची पाठ जांभळट. पूर्ण वाढलं तरी फूट-सव्वा फुटाच्या वर सहसा जात नाही, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर मावतं. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

पावसाळ्याच्या तोंडावर नर्सरीतून आणलं तेव्हा चार पानं होती. महिन्याभरात दोन पिवळी पडून गळाली, तिसरं लोंबतंय. पाणी रोज न चुकता घालते, खतही दिलं. काय कमी पडतंय? — एक वाचक, मुलुंड

कमी काहीच पडत नाहीये, पाणी जास्त होतंय. सर्वांत खालचं एखादं पान पिवळं पडलं आणि वर नवा कोंब दिसत असेल, तर ते पान वयाने गेलं असं समजा. पण एकापाठोपाठ दोन-तीन पानं जातात आणि कोंबाचा पत्ता नाही, तेव्हा मुळं सडत असतात. जुलैत मुंबईच्या हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर असतो, कुंडीतलं पाणी लवकर उडत नाही. त्यात रोजचं पाणी पडलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी शिरते.

झाड कुंडीतून काढूनच पाहा. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपात बऱ्याचदा मुळांच्या मधोमध कोकोपीटचा (नारळाच्या सोडणाच्या भुश्श्याचा) अंगठ्याएवढा घट्ट गोळा निघतो, त्याला पातळ जाळीचं कापड गुंडाळलेलं असतं. कुंडीतली माती वरून सुकलेली दिसते, पण हा गोळा पिळला तर पाणी गळतं. खरं दुखणं इथे आहे. कापड कात्रीने उभं कापून टाका, गोळा कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवा आणि बोटांनी हलकेच सोडवा. पांढरी किंवा पिवळसर, टणक मुळं राहू द्या. चिमटीत धरल्यावर साल निसटून आत नुसता दोरा उरतो, ती मुळं गेलेली. ती स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने कापा. मग बुंधा अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागला तर आतला पांढरा, कडक भाग दिसेपर्यंत कापत जा आणि झाड सावलीत तीन-चार तास तसंच सुकू द्या.

नवं मिश्रण असं करा : नारळाच्या सोडणाचे साधारण 1 सेंटिमीटरचे तुकडे 4 भाग, परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) 3 भाग, कोकोपीट 2 भाग आणि वाटाण्याएवढा फोडलेला लोणारी कोळसा 1 भाग. काडी लावताच पेटणारा, रसायन लावलेला कोळसा मात्र नको. सोडणाच्या तुकड्यांत क्षार असतात. रात्रभर भिजवून पाणी फेकायचं, असं निदान दोनदा करा. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा बोटभरच मोठी घ्या, या आकाराच्या झाडाला 4 इंची पुरते. मोठ्या कुंडीत ‘मोकळं वाढेल’ हा समज या झाडाच्या जिवावर उठतो, कारण मूळ जिथवर पोचत नाही तिथलं पाणी कुणी पीत नाही. नवं पान येईपर्यंत खत बंद.

पाण्याला वार ठरवू नका. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, 10 मिनिटांनी काढा. खालची निम्मी काडी ओली आली तर थांबा. फक्त टोक दमट असेल तर भोकांतून वाहून जाईपर्यंत पाणी घाला आणि बशीत साचलेलं ओतून द्या. बाहेरून शोभेची चिनी मातीची कुंडी असेल तर तिचा तळही तपासा. तिथे दोन बोटं पाणी साचलेलं असतं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आमची खिडकी डक्टकडे आहे, ऊन येतच नाही. बल्बवर जगेल का? — एक वाचक, दादर

जगेल, वाढेलही. त्याला थेट ऊन नकोच. दुपारच्या उन्हात या पानांवर कागदासारखे करडे डाग पडतात आणि ते पुन्हा भरत नाहीत. पण अंधारही चालत नाही. भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली ओळखू येण्याइतकीही पडत नसेल तर दिवा लावावाच लागेल. साधा पांढरा 12 वॅटचा एलईडी बल्ब, पानांपासून सुमारे 30 सेंटिमीटर वर, रोज 12 तास, टायमर लावून. महिन्याला चार-साडेचार युनिट वीज लागते. देठ लांबत चालले आणि झाड एका बाजूला कलू लागलं तर दिवा 5 सेंटिमीटर खाली आणा. महागडे जांभळे ‘ग्रो लाइट’ घ्यायची गरज नाही.

बेडरूममध्ये रात्रभर एसी असतो. पानांवर बारीक फिके ठिपके आलेत, रोज पाण्याचा फवारा मारूनही जात नाहीत. — एक वाचक, बोरिवली

पान उलटं करून मोबाइलच्या उजेडात शिरांच्या कोपऱ्यांत पाहा. सुईच्या टोकाएवढे सरकणारे ठिपके आणि तलम जाळं दिसलं तर लाल कोळी आहे. एसीच्या कोरड्या हवेत तो झपाट्याने वाढतो. फवाऱ्याने हवा पाच-दहा मिनिटं दमट होते, तेवढ्याने कोळी हटत नाही. उलट रात्री मखमलीवर पाणी साचून काळे डाग पडतात. ती सवय सोडा.

झाड बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून झाड आडवं धरा आणि पानांच्या पाठी नळाखाली बोटांनी धुवा. मग 1 लिटर पाण्यात 3 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली सौम्य लिक्विड सोप चांगलं घुसळून संध्याकाळी पाठीवर फवारा. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा, मखमली पानांवर तेलाचा डाग राहू शकतो. अंडी या फवाऱ्याने मरत नाहीत, म्हणून दर पाच दिवसांनी असं तीनदा करावं लागतं. एकदा मारून ‘गेला’ म्हणालात की पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रकार. कुंडी एसीच्या झोतातून हलवा. 18 अंशांच्या खाली वाढ थांबते. पान चमकवायचा स्प्रे या झाडाला कधीच नको, धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा.

नवं पान चुरगळलेलं उमलतं, जुन्यांची टोकं करपतात. सोसायटीत टँकरचं पाणी येतं. — एक वाचक, चेंबूर

ही दोन वेगळी दुखणी आहेत. टोकं करपण्यामागे बहुधा क्षार आहेत. टँकर आणि बोअरवेलचं पाणी अनेकदा जड असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 200 च्या वर आकडा आला तर पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरा. चुरगळलेलं पान मात्र बऱ्याचदा कॅल्शियमच्या कमतरतेचं असतं, कारण ताजं कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं. आरओच्या पाण्यातही कॅल्शियम नसल्यात जमा, तेव्हा ते बाहेरून द्यावं लागेल. 1 लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट 15 दिवसांतून एकदा, आणि मधल्या आठवड्यात 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) अर्धा ग्रॅम. दोन्ही एका भांड्यात कालवू नका, फॉस्फेटशी संयोग होऊन साका बसतो. आधीच चुरगळलेलं पान सरळ होणार नाही, पुढचं बघा. सकाळी टोकाला पाण्याचा थेंब दिसला तर तो रोग नव्हे.

घरात रांगतं बाळ आहे, मांजरही आहे. — एक वाचक, विलेपार्ले

मग उंच ठेवा किंवा घेऊ नका. अळूला खाज येते ती ज्या सुईसारख्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या कणांमुळे, तेच यात आहेत. चावलं तर तोंड, जीभ सुजते. तोंड पुसून पाणी द्या, सूज किंवा लाळ थांबेना तर डॉक्टर वा प्राण्यांचे डॉक्टर गाठा. कापताना हातमोजे घाला.

सगळी पानं गेली. कुंडी टाकून देऊ? — एक वाचक, गिरगाव

आधी ती वर्तमानपत्रावर उलटी करा. मातीत वाटाण्याएवढे तपकिरी कंद सापडतील. कडक असतील ते घ्या, मऊ फेका. नखाने वरची तपकिरी साल काढली की आत फिकट हिरवट-पांढरा गर दिसतो. झाकणाच्या पारदर्शक डब्यात दोन बोटं ओलं, पण निथळलेलं परलाइट भरा, निमुळतं टोक वर ठेवून कंद अर्धा रोवा आणि डबा उजेडात, उन्हाबाहेर ठेवा. मुंबईच्या उकाड्यात तीन ते आठ आठवड्यांत कोंब येतो, काहींना त्याहून जास्त लागतात. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा द्या. दुसरं पान उलगडलं की झाकण रोज थोडं थोडं जास्त वेळ उघडं ठेवत आठवड्याभरात पूर्ण काढा, नाहीतर बाहेरच्या हवेत पान एका दिवसात मान टाकतं. मग 2 इंची कुंडीत वरच्याच मिश्रणात लावा.