कॉपीराइट: सर्टिफिकेटची वाट बघत बसू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली. बाप्पाच्या आगमनाचं तुमचं चित्र, खालची सही पुसून, दादरला कापडी पिशव्यांवर विकलं जातंय. तीच पिशवी एका ऑनलाइन दुकानातही आहे आणि छापणारा बहुतेक परराज्यातला. हे सगळं संतापजनक असलं तरी आपल्या धंद्यात नेहमीचंच. पण पुढे तुम्ही लिहिलंय की एका जाणकारांनी सांगितलं, "आधी कॉपीराइट रजिस्टर करा, सर्टिफिकेट हातात आलं की मग तक्रार." तिथे माझी जुनी खपली निघाली.

तसं करू नका. अर्ज खुशाल करा, पण त्याच्यासाठी थांबू नका.

मी वकील नाही, चित्रकार आहे. खालचं सगळं खेटे घालून आणि वकिलांचं डोकं खाऊन कळलेलं आहे, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी तुमच्या वकिलाला विचाराच. कॉपीराइट म्हणजे काय वगैरे लिहीत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे हे पोस्टवरून दिसतंय.

गिरगावातल्या चाळींची शाईतली रेखाटनं मी पूर्वीपासून करतो. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास त्यातलं एक चित्र एका छापखान्याने पुढच्या वर्षाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसाठी परस्पर उचललं. (नाव लिहीत नाही, तडजोडीच्या कागदावर सही केली आहे.) मालकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, चाळी सगळ्या सारख्याच दिसतात. आमच्या आर्टिस्टने समोर बसून काढलंय." आता गंमत बघा. माझ्या चित्रात तिसऱ्या मजल्यावर जिन्यालगतच्या कठड्यात एक दांडा कमी पडलाय. मुद्दाम नाही, हात पुढे गेला एवढंच. कॅलेंडरवर त्याच जागी तोच दांडा गायब. वाळत घातलेल्या लुगड्याचं टोक दोन दांड्यांच्या मधून असं बाहेर आलंय की प्रत्यक्षात ते शक्यच नाही, तेही जसंच्या तसं. चाळीवर माझी मालकी नाही, ती कुणीही काढावी. आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगून ठेवलंय की कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्यावर असतो. पण माझ्या हातून सुटलेला दांडा दुसऱ्याच्या हातून त्याच खणात कसा सुटेल? तुमच्या चित्रातही असं काहीतरी असणार. भिंग घेऊन बसा. सारखेपणापेक्षा अशी सारखी गफलत समोरच्याला जास्त अडचणीत आणते.

म्हणजे पुरावा चांगला होता. घोडं अडलं ते पोलीस ठाण्यातल्या एका टेबलाशी. त्यांनी दोन्ही चित्रं बघितलीसुद्धा नाहीत. "सर्टिफिकेट आहे?" नाही म्हटलं. "मग कॉपीराइट तुमचा कशावरून?" सही-तारखेचं मूळ चित्र पुढे सरकवलं. त्यावर चहाचा कप ठेवायचा तेवढा बाकी राहिला. "हे सिव्हिल मॅटर आहे. सर्टिफिकेट आणा, मग बघू." अर्जाच्या प्रतीवर पोच मागितली तर "साहेब आल्यावर." साहेब आले तेव्हा टेबलावर दुसरेच होते आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. त्यांनीही सर्टिफिकेटच मागितलं. मग ते मिळवायच्या मागे लागलो.

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी सक्तीची नाही. चित्र काढलं की हक्क तयार होतो. कलम ४५ नुसार नोंदणीचा अर्ज 'करता येतो' आणि कलम ४८ नुसार ती नोंद प्रथमदर्शनी (म्हणजे कुणी खोडून काढेपर्यंत ग्राह्य) पुरावा ठरते, एवढंच तिचं महत्त्व. मग टेबलावरच्या साहेबांना बळ कुठून आलं? तर २०१२ मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी दिवाणी प्रकरणात असा निकाल दिला होता की नोंदणीशिवाय दाद मागता येत नाही. कागदावर नऊ वर्षं ते भूत फिरत होतं. मार्च २०२१ मध्ये संजय सोया प्रकरणात, खाद्यतेलाच्या लेबलवरून झालेल्या भांडणात, न्या. गौतम पटेल यांनी तो आधीचा निकाल चुकीचा ठरवला आणि नोंदणी सक्तीची नाही असं स्पष्ट लिहिलं. माझं कॅलेंडर तोवर रद्दीत गेलं होतं. तुमच्या जाणकारांना हा निकाल नम्रपणे दाखवा.

नोंदणीचा रस्ताही सरळ नाही. साध्या चित्राची फी ५०० रुपये, वस्तूंवर वापरल्या जाणाऱ्या चित्राची २०००. अर्ज केला की डायरी नंबर (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळतो, मग कुणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबायचं, मग तपासणी. ऑफिस दिल्लीला द्वारकेत. चित्र वस्तूंवर वापरलं जातं किंवा जाऊ शकतं अशातलं असेल तर ट्रेड मार्क रजिस्ट्रीचा दाखला जोडावा लागतो की याच्यासारखा मार्क आमच्याकडे नाही. मला नेमकं त्यावरूनच त्रुटीचं पत्र आलं. म्हणजे पुन्हा नवा अर्ज, नवी फी, नवी वाट. त्यात कोरोना. सर्टिफिकेट आलं तेव्हा छापखान्याचे मालक शांतपणे म्हणाले, "माल संपला." छापणं थांबवा असा हुकूम मिळवून थांबवणार काय? किती छापले, किती विकले, याच्या वह्या काही मिळाल्या नाहीत. शेवटी जी रक्कम हातात आली त्यात वकिलांची फी जेमतेम निघाली.

तुमच्या पिशव्या गणपतीच्या आहेत. विसर्जनानंतर त्या कोण घेतंय? म्हणून घाई.

आधी पुरावा. दादरच्या स्टॉलवर जाऊन भांडू नका, गिऱ्हाईक म्हणून पिशवी विकत घ्या आणि बिल मागा. कच्चं दिलं तरी घ्या, तारीख घालून घ्या. पिशवीच्या आतल्या शिवणीत किंवा वेष्टनावर कुणाचा शिक्का, फोन नंबर दिसतोय का बघा. ऑनलाइनही एक मागवा, त्याचं बिल पक्कं येतं आणि त्यावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर असतो. पानाचे स्क्रीनशॉट घेताना वरची लिंक आणि तारीख दिसली पाहिजे. आणि मोबाइलमधले स्क्रीनशॉट कोर्टात नुसते चालत नाहीत. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं, पूर्वी ज्याला ६५-ब चं सर्टिफिकेट म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली येतं, त्यात आता फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, तिच्यावरून काढलेला आकडा) लिहावी लागते. वकिलाकडून आत्ताच करून घ्या. तुमची लेयर उघडणारी मूळ फाइल, कच्ची रेखाटनं, इन्स्टाच्या पोस्टची तारीख, सगळं एका जागी ठेवा.

इथे कुणीतरी नक्की सांगेल की चित्र पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि न फोडता ठेवून द्या. हा सल्ला कुठून येतो देव जाणे. पाकीट पोचलं एवढंच त्याने सिद्ध होतं. शिवाय २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

मग वकिलाची नोटीस, आणि ही गोष्ट लोक हलक्यात घेतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५५ मध्ये एक पळवाट आहे. हे कुणाच्या हक्काचं आहे हे आपल्याला माहीत नव्हतं आणि शंका यायचं कारणही नव्हतं, असं समोरच्याने सिद्ध केलं तर नुकसानभरपाई मिळत नाही, फक्त मनाई हुकूम आणि नफ्यातला वाटा मिळतो. नोटीस हातात पडल्यानंतर विकलेल्या पिशव्यांबद्दल त्याला 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही. ऑनलाइन दुकानाला वेगळी तक्रार करा. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ अशा मध्यस्थांसाठीच (दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्या वेबसाइटींसाठी) आहे. तक्रार नीट असेल तर ३६ तासांत मजकूर खाली उतरवायचा असतो. पण २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा हुकूम आणला नाही तर ते पान पुन्हा चालू करू शकतात. कोर्टात दावा लावण्याची हमीही तुम्हाला त्याच तक्रारीत लिहून द्यावी लागते. म्हणजे 'रिपोर्ट' दाबलं आणि झालं, असं नाही.

फेसबुकवर त्यांचं नाव घेऊन 'कोर्टात खेचते बघा' वगैरे लिहू नका. बिनबुडाच्या धमक्यांविरुद्ध कलम ६० खाली तेच तुमच्यावर दावा लावू शकतात. तुमची बाजू खरी असली तरी हा डोक्याला ताप कशाला.

दावा लावायला परराज्यात जावं लागेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या कोर्टातही जाता येतं. मात्र तीन लाख रुपये आणि त्यावरच्या दाव्यांना कमर्शियल कोर्टाचा कायदा लागतो, आणि तातडीची मनाई मागत नसाल तर त्याच्या कलम १२-अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्यात तीन महिने जातात, आणखी दोन वाढू शकतात. तातडी दाखवायची असेल तर तुम्ही स्वतः निवांत बसलेल्या नकोत. सर्टिफिकेटच्या मागे वर्ष घालवून "अर्जंट आहे हो" म्हणणाऱ्याकडे कोर्ट कसं बघेल? नुकसानभरपाईची मुदत उल्लंघनापासून तीन वर्षं आहे, पण मनाई हुकूम मुदतीवर नाही, चपळाईवर मिळतो. (हे माझं मत, वकील वेगळं सांगतील.)

सही पुसल्याचा मुद्दा अजिबात सोडू नका. कलम ५७ खाली चित्राशी नाव जोडलेलं असण्याचा चित्रकाराचा हक्क वेगळा आहे. चित्राचे हक्क विकले तरी तो चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं होतं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये. तेही सरकारकडून!

तुमच्या पोस्टखाली एकाने विचारलंय की त्यांनी पैसे घेऊन काढलेलं पोर्ट्रेट गिऱ्हाइकाने छापलं तर काय. दादा, तुमचं प्रकरण वेगळं आहे. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या पोर्ट्रेटचा पहिला मालक कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, सांगणाराच असतो. करार करत चला. आणि ताई, उद्या तुम्ही स्वतःच हे चित्र पिशव्यांवर छापणार असाल तर आधी वकिलाला कलम १५ आणि डिझाइन कायदा विचारा, तिथे ५० प्रतींची एक भानगड आहे.

आता पोलीस. माझ्या मते दादरच्या स्टॉलवाल्या बाईंना ठाण्यात ओढू नका, त्या घाऊक बाजारातून माल उचलतात. त्यांच्याशी गोड बोललात तर माल कुठून येतो ते कळेल. छापणारा कळला आणि तो नोटिशीला जुमानत नसेल तर जरूर जा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. कलम ६४ प्रमाणे सब-इन्स्पेक्टर किंवा वरचा अधिकारी वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात असा) आहे की नाही यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी होती, पण मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. त्या निकालाची प्रत खिशात ठेवा, संजय सोयाची तिच्यासोबत. 'सिव्हिल मॅटर' ऐकू आलं की दोन्ही टेबलावर ठेवा, आवाज चढवू नका. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच मागा. दिली नाही तर तोच अर्ज त्या झोनच्या पोलीस उपायुक्तांना स्पीड पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(४) मध्ये ती सोय आहे. तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

पिशवीचे फोटो, बिल आणि विकणाऱ्याचं नाव या धाग्यावर टाकू नका, तो माणूसही इथे वाचत असू शकतो. वकिलाचं नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.