प्रश्न तुमचे: रोकी सासाकीचा खांदा, फोर्कबॉल आणि पगार

प्रश्न: १७ एप्रिल २०२२ला जपानी बेसबॉल पिचर रोकी सासाकीने आठ इनिंगमध्ये एकही बॅटर बेसवर जाऊ दिला नव्हता. तरी त्याच्या क्लबने, चिबा लोट्टे मरीन्सने, त्याला का बदललं?

उत्तर: आदल्याच रविवारी ओरिक्स संघाविरुद्ध त्याने परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर न जाऊ देता जिंकलेला पूर्ण सामना) टाकला होता: २७ बॅटर, २७ बाद, १९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), त्यातले १३ ओळीने. चेंडू लागले १०५. १७ तारखेला निप्पॉन-हॅम संघाविरुद्ध आठ इनिंगमध्येच १०२ झाले. तेव्हा तो २० वर्षांचा होता. दमलेल्या पिचरचे हाताचे आणि खांद्याचे स्नायू ढिले पडतात, आणि कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर जास्त ताण येतो. शिवाय स्कोअर होता ०-०. नऊ इनिंगनंतरही तो तसाच राहिला, म्हणजे नववी स्वच्छ काढूनही परफेक्ट गेम पूर्ण झालाच नसता. लोट्टे दहाव्या इनिंगमध्ये ०-१ हरले. टीका खूप झाली, पण आमच्या मते मॅनेजर इगुची बरोबर होते. शाळेत असतानाच १६३ किमी वेगाने टाकणाऱ्या या मुलाला क्लबने २०२० साली एकाही अधिकृत सामन्यात उतरवलं नव्हतं, मे २०२१ मध्ये पहिल्यांदा उतरवलं.

प्रश्न: त्याचा फोर्कबॉल एवढा का पडतो? आम्ही टाकला की सरळच जातो.

उत्तर: फास्टबॉलला बॅकस्पिन जोरदार असते, त्यामुळे हवा त्याला थोडं उचलून धरते. फोर्कबॉलची फिरकी कमी करायची, की तो गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या बाहेर फाकवा, चेंडू त्यांच्यात खोल बसवा, अंगठा खाली. हात फास्टबॉलइतक्याच जोराने आणायचा, मनगट मात्र झटकायचं नाही. (क्रिकेटमधला बोटं फाकवून टाकलेला स्लोअर बॉल याचाच भाऊ.) सरळ जातो याचा अर्थ बोटं पुरेशी फाकलेली नाहीत किंवा सोडताना बोटांची टोकं चेंडू खाली ओढताहेत. तसा चेंडू कमरेच्या उंचीवर तरंगतो आणि स्टँडमध्ये जातो. हात हळू केलात तर बॅटर ओळखतो. सासाकीचा हात दोन्ही चेंडूंना सारखाच दिसतो, खरी फसवणूक तिथे आहे. वाढीच्या वयातल्या मुलांनी याच्या मागे लागू नये. आधी फास्टबॉल हव्या त्या जागी पडू दे.

प्रश्न: ओरिक्सचा पिचर यामामोटो याला अमेरिकेतल्या डॉजर्स क्लबकडून ३२.५ कोटी डॉलर, सासाकीला फक्त ६५ लाख. एवढा फरक?

उत्तर: वय. परदेशी लीगमधला खेळाडू २५ वर्षांखालचा असेल किंवा त्याचे सहा मोसम झाले नसतील, तर अमेरिकेत तो हौशी खेळाडू धरला जातो. मग क्लबला ठरावीक मर्यादेतला बोनस आणि मायनर (खालच्या दर्जाच्या) लीगचा करार एवढंच देता येतं. जानेवारी २०२५ मध्ये करार झाला तेव्हा सासाकी २३ वर्षांचा होता. जपानी क्लबला मिळते या ६५ लाखांच्या बोनसच्या २५ टक्के रक्कम, म्हणजे १६.२५ लाख डॉलर. यामामोटोमुळे ओरिक्सला ५ कोटींवर मिळाले. दोन वर्षं थांबता तर लोट्टेचाही फायदा होता, पण सासाकीला थांबायचं नव्हतं.

प्रश्न: मग अमेरिकेत काय बिनसलं?

उत्तर: मे २०२५ मध्ये उजव्या खांद्याच्या दुखण्याने तो बाहेर गेला. सप्टेंबरमध्ये परतला तो रिलीव्हर (सामन्यात नंतर उतरणारा पिचर) म्हणून, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांत, त्याच भूमिकेत जमला. रिलीव्हरला एक-दोन इनिंगच टाकायच्या असल्याने जोर राखून ठेवावा लागत नाही. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून तो कितपत टिकेल, ही शंका मात्र जुनीच: जपानमध्येही मोसमाच्या क्रमवारीत धरले जाण्यासाठी लागणाऱ्या १४३ इनिंग त्याने कधी पूर्ण केल्या नाहीत.