डॅशकॅमचं कार्ड पोलिसांना द्यावं का?

प्रश्न: मे महिन्यात संध्याकाळी 6.40 च्या सुमारास नाशिकहून सिन्नरकडे जाताना राँग साइडने आलेली मोटारसायकल माझ्या गाडीवर आदळली. चालवणाऱ्याचा पाय मोडला. त्याला मीच रुग्णालयात नेलं, पोलिसांना कळवलं, तरी गुन्हा माझ्यावरच दाखल झाला. डॅशकॅममध्ये सगळं आलंय. पण त्यावर माझा वेग 58 दिसतो आणि तिथला फलक 50 चा होता. वेळ 9.10 उमटली आहे. शिवाय माझं नि बायकोचं भांडण ऐकू येतं. पोलीस कार्ड मागताहेत. मेहुणा म्हणतो, नको तेवढं कापून द्या. काय करू?

उत्तर: कापू नका. कार्ड अजून कॅमेऱ्यातच असेल तर हे वाचून होताच बाहेर काढा. धक्का बसला की कॅमेरा तेवढी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवतो, पण तिच्या आधीच्या-नंतरच्या साध्या फाइलींवर गाडी चालवाल तसं नवं रेकॉर्डिंग चढत जातं. तुम्हाला त्या आधीच्या फाइलीही लागणार आहेत.

कार्ड द्यायचं की नाही? आरोपीने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने आणून द्यावा, अशी सक्ती राज्यघटनेच्या कलम 20(3) मुळे करता येत नाही. मात्र पोलीस तपासात ते जप्त करू शकतात, आणि पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळाच गुन्हा आहे. आज तुमच्यावर त्याच संहितेची 281 (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि 125(ब) (निष्काळजीपणाने गंभीर दुखापत करणं) ही कलमं असावीत. त्यातलं जड कलम तीन वर्षांपर्यंतचं आहे. त्यात मेहुण्याच्या सल्ल्याने भर घालू नका. तुमच्या जागी मी असतो तर आपल्या वकिलाला आधी पूर्ण चित्रण दाखवून मग कार्ड दिलं असतं. राँग साइडने येणारी मोटारसायकल दाखवणारा दुसरा साक्षीदार तुमच्याकडे आहे कुठे?

द्यायच्या आधी संगणकावर पूर्ण प्रत काढून ठेवा आणि फाइलींची हॅश किंमत, म्हणजे फाइलीतल्या माहितीवरून संगणकाने काढलेला ओळख-आकडा, काढून घ्या. फाइलीत एक बिट बदलला तरी हा आकडा बदलतो. देताना जप्ती पंचनाम्यात कार्डाची कंपनी, क्षमता, क्रमांक आणि हॅश लिहून घ्यायला सांगा. जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलं की मूळ उपकरणच मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हजर केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्र लागत नाही, पण प्रत द्यायची असेल तर ते हवंच. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) चं हे प्रमाणपत्र आता दोन भागांत असतं: एक तुम्ही सही करायचा, दुसरा तज्ज्ञाने. कार्ड पोलिसांकडे गेल्यावर तुमच्या हाती प्रतच उरेल, म्हणून ही तजवीज आधीच करा.

घड्याळाची भीती सोडा. 6.40 आणि 9.10 यांत बरोबर अडीच तासांचा फरक आहे, आणि चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा तेवढंच पुढे असतं, म्हणजे कॅमेरा चिनी वेळेवरच राहिला असणार. चित्रणात उजेड दिसतोय. मे महिन्यात रात्री 9.10 ला तो कुठून येणार? मात्र घड्याळ आत्ता दुरुस्त करू नका. कॅमेरा किती पुढे आहे याची नोंद पंचनाम्यात होऊ द्या. रुग्णालयातली नोंद आणि तुम्ही केलेले फोन जोडीला आहेतच. वाटेत एखाद्या हॉटेलचा, पंपाचा सीसीटीव्ही असेल तर त्याचं चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज ठाण्यात लगेच द्या. अशी चित्रणं थोड्या दिवसांत पुसली जातात.

58 च्या आकड्याने मला फारशी चिंता वाटत नाही. वेगमर्यादेचा दंड वेगळा आणि अपघाताचं कारण वेगळं. 58 ला गाडी सेकंदाला 16 मीटर जाते, 50 ला जवळपास 14. मोटारसायकल दिसल्यापासून आदळेपर्यंत किती सेकंद गेले, ते चित्रणात मोजा. दीड-दोन सेकंदच असतील, तर 50 ला असतात तरी धडक टळली नसती असं तुमचा वकील सांगू शकेल.

मला काळजी आहे ती भांडणाची. समोरचा वकील विचारेल, तुमचं लक्ष रस्त्यावर होतं की बायकोकडे? उत्तर चित्रणातच आहे: मोटारसायकल दिसताच वेग उतरायला लागला का? आकडा लगेच 58 वरून खाली आला असेल, तर भांडत असतानाही तुमचं लक्ष रस्त्यावर होतं. तसं नसेल तर वकिलाला आजच सांगा; उलटतपासणीत कळलं तर फार महागात पडतं. आवाज काढून टाकलेली प्रत दिलीत, तर काय लपवलं हाच प्रश्न मोठा होतो.

विमा कंपनीला लेखी कळवलं नसेल तर आज कळवा. जखमीला नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत करता येतो, आणि त्या दाव्यात त्याच्या राँग साइडचा वाटा ठरवताना हेच चित्रण कंपनीला लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र टाकू नका. विव्हळणाऱ्या माणसाचा व्हिडिओ फिरवणारा आरोपी कोणत्याही न्यायाधीशाला आवडत नाही.

कार्ड परत मिळायला न्यायालयात अर्ज करावा लागेल, तोवर नवं घ्या, सतत रेकॉर्डिंग सोसणारं. पंचनामा झाला की घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे +5.30 वर लावा. पुढे कॅमेरा बदलाल तर आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला बघा, उन्हात उभ्या गाडीत बॅटरी फुगते. आवाज बंद करायची सोय मेनूत असते. मी माझ्या गाडीत तो चालू ठेवतो, कारण हॉर्न वाजवला होता हे त्यावरूनच कळतं. तुमच्याकडे मात्र हा निर्णय बायकोला विचारून घ्या.